लाजचष्मा

पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर रोज सकाळी जी मंडळी जमत, त्यांना एखाद्या विषयावर मत नाही असं कधी झालं नव्हतं. चंद्रावर राहायला गेलेल्याने संकष्टीचा उपास काय बघून सोडावा, यावर त्यांनी एक आख्खा आठवडा काढला होता. भांडी घासणाऱ्या यंत्राला दिवाळीची ओवाळणी घालावी का, यावर तर दोघांचं बोलणं बंद झालं होतं आणि तिसऱ्याने मध्यस्थी करून ते पुन्हा सुरू केलं होतं. सांगलीत रिकामा वेळ आणि भडंग या दोन गोष्टींना तोटा नाही, आणि टाकीखाली दोन्हींचा साठा असे.

शनिवारी मात्र रीतसर वाद. कुंदाताई शिराळकर डब्यातून चिठ्ठ्या काढत. एका चिठ्ठीत विषय, दुसऱ्या दोन चिठ्ठ्यांत बाजू. जी बाजू हातात येईल ती मांडायची, मग ती स्वतःला पटो न पटो. शेवटी हात वर करून निकाल लावायचा आणि हरणाऱ्याने भडंग आणायचं. या सगळ्यावर एकच नियम होता आणि तो कधी कुणी मोडला नव्हता: कट्ट्यावरचं कट्ट्यावर. तिथे कुणी कुणाला मूर्ख म्हणालं, तरी ते चप्पल घालायच्या आत संपायचं.

यातले सगळ्यात तयारीचे वादपटू म्हणजे जिनदत्त मगदूम. त्यांना सगळे अण्णा म्हणत. आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेलं, त्यामुळे समोर चार माणसं दिसली की त्यांना तो वर्ग वाटे. मनाने वाईट नव्हते. पण हरणं त्यांना सोसत नसे आणि हसं होणं तर अजिबातच नाही. मल्लाप्पा तोडकर हे निवृत्त एसटी ड्रायव्हर. ते वाद घालतच नसत, चेष्टा करत, आणि तरी जिंकत. अण्णांची खरी अडचण ती होती.

तिसरे अच्युत सोवनी, चित्रकलेचे मास्तर. हा माणूस बोलायचा कमी आणि लाजायचा फार. स्वतःचं काही चुकलं म्हणून नव्हे, दुसऱ्याचंही. सभेत कुणाचा मोबाईल वाजला की मान यांची खाली.

त्या वर्षी बाजारात लाजचष्मा आला. समोरचा माणूस मनातून लाजला की तो दाखवायचा. कंपनीने नाव भलतंच भारदस्त ठेवलं होतं, पण लोकांना त्याचं काय? लोक भाडेकरू ठेवताना तो लावायला लागले, मुलगा बघायला गेले की लावायला लागले, भाजीवालीला ‘ताजी आहे का’ विचारतानासुद्धा लावायला लागले. कुंदाताईंना त्यांच्या भाच्याने एक पाठवला. कुंदाताई मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, त्यामुळे माणसाला आरपार बघायची त्यांना आधीपासूनच हौस.

“हे कळतं कसं पण?” त्यांनी विचारलं, आणि अण्णांचा वर्ग भरला.

“सोपं आहे. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीक लाट येते. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. म्हणजे दर ठोक्याला आपला चेहरा कणभर रंग बदलतो. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फोनसमोर तोंड धरून नाडी मोजायची सोय कितीतरी वर्षं आहेच की.”

“मग नवीन काय?”

“नवीन हे की माणूस चिडला, पळून दमला किंवा लाजला, तर तिन्ही वेळा रक्त वेगवेगळ्या तऱ्हेने चढतं. लाजताना नाडी उडते आणि गाल, कान, गळा इथल्या रक्तवाहिन्या सैल सुटतात. लाखो चेहरे दाखवून यंत्राला तो फरक शिकवलाय. काचेतून बघितलं की कपाळावर रंग उमटतो. हिरवा म्हणजे माणूस निवांत. लाल म्हणजे लाजला.”

“आणि माझ्यासारख्या काळ्याकुट्टाचं काय रं?” मल्लाप्पांनी विचारलं. “मी कधी लाजलो ते सरूला पन्नास वर्षांत कळलं न्हाई.”

“मल्लू, कातडी कसलीही असो, खालचं रक्त सगळ्यांचं सारखंच. त्याला तूही सापडणार.”

तेवढ्यात अच्युतरावांनी हळूच विचारलं, “पण अण्णा, लाज कशाची वाटली ते कसं कळणार?”

“ते नाही कळत. यंत्राला रक्त दिसतं, कारण दिसत नाही.” हे वाक्य अण्णांना स्वतःलाच आवडलं. ते त्यांनी परत एकदा म्हटलं.

मग खेळ झाला. कुंदाताईंनी चष्मा चढवला आणि हेडमास्तरणीच्या आवाजात विचारलं, “आज आंघोळ न करता कोण आलंय?” त्यांनी एकेकाकडे बघितलं. सगळे हिरवे. फक्त अच्युतराव टोमॅटोसारखे लाल. अच्युतरावांनी आंघोळच काय, संध्यासुद्धा केली होती.

“मी न्हाई केली,” मल्लाप्पा म्हणाले. “नळाला पाणीच न्हवतं. पण त्याची मला कसली लाज?”

“मग हा का लाल?”

“माझ्यासाठी लाजतोय ते बिचारं,” मल्लाप्पा म्हणाले आणि सगळे पोट धरधरून हसले.

पुढच्या शनिवारी विषय निघाला: पंचाहत्तरीनंतर माणसाने गाडी चालवावी का? अण्णांच्या हातात ‘नाही’ आलं आणि मल्लाप्पांच्या हातात ‘हो’.

मल्लाप्पांची पंचाहत्तरी होऊन गेली होती. त्यांची एक विजेवरची स्कूटर होती. तिच्यावर मागे सरूवहिनींना बसवून ते रोज हरिपूरला जात. वहिनींची थोरली बहीण तिथे अंथरुणाला खिळली होती. तिला जेवू घालून, तिची वेणी घालून वहिनी परत येत. बिनचालकाच्या गाड्या शहरभर झाल्या होत्या, पण वहिनी त्यात बसत नसत. पुढची खुर्ची रिकामी आणि चाक आपोआप फिरतंय हे बघून त्या दारातूनच मागे फिरत.

अण्णा तयारी करून आले होते. वय वाढतं तसा डोळ्याने बघणं आणि हाताने ब्रेक दाबणं यातला वेळ कसा वाढतो, हे त्यांनी खडूने फरशीवर आलेख काढून दाखवलं. मुद्दे चांगले होते. सगळे ऐकत होते.

मल्लाप्पा उठले आणि म्हणाले, “अण्णाचं सगळं बरोबर आहे. वय झालं की अंगातली यंत्रं ढिली होत्यात. पण मग सरकारनं जीभ चालवायचंबी लायसन काढावं. ह्या कट्ट्यावर गाडीनं कुणी मेलेलं न्हाई, अण्णाच्या भाषणानं मात्र दोघं-तिघं घोरायला लागल्यात.”

कोपऱ्यातले एक गृहस्थ खरोखरच घोरत होते. जे हसू फुटलं ते थांबेचना. कुंदाताईंनी डोळे पुसत हात मोजले. अण्णांच्या बाजूने एकच हात होता, अच्युतरावांचा, आणि तोही दयेपोटी वर गेलाय हे दिसत होतं.

मंडळी पांगली. अण्णा फरशीवरचा आलेख पायाने पुसत मागे राहिले. खरं तर तो राग चप्पल घालायच्या आत संपायला हवा होता. संपला नाही. समोरच्या रस्त्यावर मल्लाप्पांनी स्कूटर काढली, सरूवहिनी मागे बसल्या. वळताना गाडी जराशी लडखडली आणि वहिनींनी सवयीने एक पाय टेकून ती सावरली. दोघं कशावर तरी हसत होते. अण्णांना वाटलं, आपल्यावरच.

त्यांनी मोबाईल वर धरला.

परिवहन खात्याने त्या काळात एक सोय केली होती. वयस्कर चालकाची गाडी डुगडुगताना दिसली तर कुणीही चित्रफीत पाठवावी. यंत्र ती तपासे, गाडी किती हलते ते मोजे आणि गरज वाटल्यास चालकाला फेरचाचणीला बोलावी. पाठवणाऱ्याची नोंद कुठेही राहत नसे, खुद्द त्याच्या मोबाईलमध्येसुद्धा. अण्णांनी दोन ओळीही लिहिल्या. हे मल्लूच्याच भल्यासाठी आहे, असं त्यांनी मनाशी म्हटलं. त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. गाडी खरंच लडखडत होती. पण मित्राचं भलं करायचं तर माणूस त्याच्या घरी जातो, चहा पितो आणि तोंडावर सांगतो. हे अण्णांना तेव्हाही कळत होतं.

फेरचाचणीत मल्लाप्पा नापास झाले. ज्याने धो धो पावसात आंबा घाटातून भरलेली एसटी उतरवली, त्याला, स्कूटरचीही चाचणी मोटारीचीच म्हणून, बंद खोलीत पडद्यासमोर खोट्या मोटारीत बसवून चाक फिरवायला लावलं. पडद्यावर एक खोटं मूल चेंडूमागे धावत आलं आणि मल्लाप्पांनी ब्रेकऐवजी खिडकीतून शिवी द्यायला मान बाहेर काढली. परवाना रद्द झाला. तो रद्द झाल्याचं त्यांच्याआधी स्कूटरला कळलं. ते बाहेर आले तेव्हा ती सुरूच होईना. सरूवहिनींना घेऊन ते उन्हातून चालत घरी आले. हरिपूर बंद झालं.

त्यानंतर ते कट्ट्यावर आले ते चेष्टा विसरूनच.

“फिल्लम इथनंच काढलीय,” ते म्हणाले. “टाकीचा खांब दिसतोय तिच्यात. शनवारची सकाळ हाय. म्हंजे तुमच्यातलाच कुणीतरी.”

सगळ्यांच्या मनात एकच आलं आणि सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. त्या दिवशीची बाजू त्यांचीच होती.

“चिठ्ठीत आलं म्हणून बोललो,” अण्णा म्हणाले. “कट्ट्यावरचं कट्ट्यावर, मल्लू.”

हे खोटं त्यांच्या तोंडून इतक्या सहज बाहेर पडलं की ते स्वतःच चकित झाले. कुंदाताईंनी पिशवीतून चष्मा काढला. आता आपण संपलो, असं अण्णांना वाटलं.

“अण्णा, तुम्ही केली का तक्रार?”

“नाही.”

कुंदाताईंनी निरखून बघितलं. “हिरवे,” त्या म्हणाल्या. “स्वच्छ हिरवे.”

मल्लाप्पांनी श्वास सोडला आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. “माफ कर गड्या. माझ्या मनात पाप आलं.”

कुंदाताई पुढे सरकत गेल्या. हिरवा, हिरवा, हिरवा. मग अच्युतराव. त्यांना काही विचारायचीही गरज पडली नाही. साध्या डोळ्यालाही दिसत होतं. गळ्यापासून कानापर्यंत ते पेटले होते.

“अच्युत?” मल्लाप्पा म्हणाले. “तू?”

अच्युतरावांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एकदा अण्णांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

आंघोळीचा खेळ कुणालाच आठवला नाही. हसताना कळलेली गोष्ट माणसाला रागात आठवत नाही. अण्णांना मात्र आठवली. ‘यंत्राला रक्त दिसतं, कारण दिसत नाही’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर होतं. दोनदा म्हणून दाखवलेलं वाक्य, तिसऱ्यांदा म्हणायचं एवढंच. नुसतं तेवढं म्हटलं असतं, तरी अच्युतराव सुटले असते आणि अण्णा अडकलेही नसते. पण त्यांनी ते गिळलं. संशयाला जागा मिळाली होती आणि ती रिकामी करायची त्यांना भीती वाटली.

“सरूनं तुला राखी बांधली हुती,” मल्लाप्पा अच्युतरावांना म्हणाले. एवढं बोलून ते निघून गेले.

घरी आल्यावर अण्णांना काही कळेना. चष्मा त्यांना चुकला कसा? ते दिवसभर बेचैन होते. संध्याकाळी पद्माकाकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हातावर गोळी ठेवली.

“घ्या. हात थरथरायला लागले की मग ओरडता माझ्यावर.”

अण्णांनी गोळीकडे बघितलं आणि त्यांना सगळं लख्ख कळलं. हाताची थरथर थांबावी म्हणून डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध. ते हृदयाला उडू देत नाही. भीती वाटो, लाज वाटो, नाडी आपली संथ चालते आणि चेहऱ्यावर रक्त धावून येत नाही. लाज आत जागच्या जागी असते, तिला बाहेर यायची वाटच राहत नाही. गायकही मंचावर जाण्याआधी हीच गोळी घेतात. चष्मा बनवणाऱ्यांनी याचा विचार केला नसेल, किंवा केला असेल आणि सांगितला नसेल.

“हसताय का असे?” काकींनी विचारलं.

“हसत नाही,” अण्णा म्हणाले. त्यांनी गोळी घेतली.

पुढचे दिवस वाईट गेले. लाजचष्म्यात सापडलेला माणूस म्हणून अच्युतरावांची गावभर बदनामी झाली. त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर रविवारी मुलांचा चित्रांचा वर्ग भरायचा. एक आई आली आणि म्हणाली, मुलाला आता अभ्यास फार आहे. मग दुसरी आली. मग कुणी सांगायलाही आलं नाही. कट्ट्यावर त्यांची जागा रिकामी राहिली आणि लोकांनी त्यावरही वाद घातला: लाजणारा माणूस निदान सज्जन तरी म्हणावा का? अण्णांनी त्या वादात भाग घेतला नाही. डोकं दुखतंय असं सांगून ते उठून आले.

त्यांना स्वतःची किळस वाटत होती. दाढी करताना आरशातला चेहरा शांत दिसे आणि त्या शांतपणाचीच त्यांना लाज वाटे. अखेर एका दुपारी ते अच्युतरावांकडे गेले.

गच्चीवर अच्युतराव एकटेच बसले होते. समोर चटया अंथरलेल्या, रंगांचे डबे उघडलेले. येणारं कुणी नव्हतं, तरी सगळं मांडलं होतं.

“बस,” ते म्हणाले. “चहा ठेवू?”

“अच्युत, मला एक सांगायचंय.”

“मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“त्या शनिवारी मी टाकीमागच्या नळावर बाटली भरत होतो. तू मोबाईल धरला होतास ते बघितलं मी.” अच्युतराव हे अशा आवाजात म्हणाले की जणू चोरी त्यांनीच केली होती. “आधी वाटलं, सहज काढतोयस. मग मल्लू आला तेव्हा कळलं.”

अण्णा मटकन चटईवर बसले. “मग बोलला का नाहीस? त्याच वेळी सांगायचं होतंस सगळ्यांना.”

“लाज वाटली.”

“तुला कसली लाज?”

“तुझी,” अच्युतराव म्हणाले. “तू तिथे उभं राहून ‘नाही’ म्हणालास. इतकी वर्षं तुला ओळखतो. मी तुझं नाव घेतलं असतं, तर तू परत नाही म्हणाला असतास. मग आणखी एकदा. ते मला बघवलं नसतं.”

अण्णांना रडू फुटेल असं वाटलं. फुटलं नाही. छातीत ठोके एका लयीत पडत होते, जसं काही झालंच नाही.

“माझं काय, मी असाच आहे,” अच्युतराव म्हणाले. “मुलं येतील परत. पण तू मल्लूशी बोल. तो रोज संध्याकाळी त्या बंद स्कूटरवर जाऊन बसतो. वरून मला दिसतं.”

“शनिवारी कट्ट्यावर ये,” अण्णा म्हणाले. “तुझ्यासमोर सांगतो. सगळ्यांसमोर.”

“नको रे.”

“ये. एवढं माझ्यासाठी कर.”

कबुली द्यायला जाऊनही मागणं आपणच मागितलं, हे जिना उतरताना अण्णांच्या लक्षात आलं आणि त्यांना आणखी लाज वाटली.

शनिवारी अच्युतराव आले. कुणी त्यांना जागा करून दिली नाही. ते खांबापाशी उभे राहिले. कुंदाताईंनी चिठ्ठ्यांचा डबा उघडला, तसे अण्णा उठले.

“आज चिठ्ठी नको. मला बोलायचंय.” त्यांनी घसा साफ केला. “मल्लू, तुझी तक्रार मी केली. अच्युतने नाही. त्या दिवशी वादात हरलो, तुम्ही हसलात, मला राग आला. सगळे गेल्यावर इथूनच काढली मी ती चित्रफीत. नंतर विचारलं तेव्हा खोटं बोललो आणि अच्युतला त्यात अडकू दिलं.”

कुंदाताईंनी चष्मा चढवून अण्णांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि त्या हसल्या.

“अण्णा, तुम्ही थोर आहात,” त्या म्हणाल्या. “हिरवेगार आहात तुम्ही. ज्याने असलं काही केलंय तो माणूस हे बोलताना असा हिरवा राहील होय?”

“कुंदाताई, ती गोळीमुळे. माझं ते थरथरीचं औषध असतं ना, त्याने हृदय…”

“झालं, लागले शिकवायला!” कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. “अण्णा, प्रत्येक गोष्टीला तुमच्याकडे शास्त्र आहेच.”

“आणि हे बघा,” कुंदाताई मान वळवून म्हणाल्या. “मास्तर बघा कसे झालेत.”

अच्युतराव लालबुंद झाले होते. आजवर कधी नव्हते इतके. खांबाचा आधार घेऊन उभे होते.

मल्लाप्पा उठले. अण्णांपाशी आले आणि त्यांनी अण्णांना मिठी मारली. “दोस्तासाठी एवढं करतोस, अण्णा? दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेतोस? मी तुला कायम लई बोललो. भाषणावरनं हसलो. चुकलं माझं.” कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

आता थांबलं तरी चालण्यासारखं होतं. अण्णांनी सांगायचं ते सांगितलं होतं, चौघांसमोर, स्पष्ट शब्दांत. लोकांनी विश्वास ठेवला नाही, यात त्यांचा काय दोष? घरी जाऊन पद्माला सांगता आलं असतं, मी कबूल केलं म्हणून. मल्लूची मिठी उबदार होती. आयुष्यात पहिल्यांदाच कट्टा त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होता आणि खरं सांगायचं तर, त्या कानाला गोड लागत होत्या. त्या गोड लागताहेत हे कळलं, आणि अण्णांना स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी तक्रार करतानाही वाटली नव्हती, खोटं बोलतानाही नाही. मल्लूच्या खांद्यावरून अच्युतराव दिसत होते. ते मान हलवून खुणावत होते. राहू दे आता, बस कर.

अण्णांनी मिठी सोडवली.

“मल्लू, खात्याकडून तुला जे आलं, त्यात तक्रारीच्या दोन ओळी होत्या. त्या तू कुणाला दाखवल्यास?”

मल्लाप्पांचा चेहरा एकदम उतरला. “कुणालाच न्हाई. सरूलाबी न्हाई.”

“‘चालकाचा स्वतःच्या गाडीवर ताबा उरलेला नाही,’” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज स्थिर होता आणि त्या स्थिरपणाचा त्यांना तिटकारा आला. “‘मागे बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या बायकोला पाय टेकून गाडी सावरावी लागते.’ हेच होतं ना?”

टाळ्या थांबल्या. मल्लाप्पा दोन पावलं मागे सरकले. ते अण्णांकडे असे बघत होते, जसं घाटात समोरून अचानक काही आलं तर माणूस बघेल.

“सरूला दाखवलं न्हाई, कारण तिला वाटलं असतं तिच्या पायामुळं लायसन गेलं,” ते अगदी हळू म्हणाले. “ती अजून म्हणती, मी जड झालीय, म्हणून गाडी हलत हुती.”

कोपऱ्यातले घोरणारे गृहस्थही जागे होते.

“कुंदाताई,” मल्लाप्पांनी मान न वळवता विचारलं, “आता काय दिसतंय त्याच्या कपाळावर?”

“हिरवंच आहे, मल्लाप्पा.”

“काढा तो चष्मा.”

कुंदाताईंनी तो काढला. हातात धरून उभ्या राहिल्या. साध्या डोळ्यांनी त्यांना अण्णांकडे बघवेना, त्यांनी नजर खाली वळवली.

मल्लाप्पा खांबापाशी गेले. अच्युतरावांपुढे उभे राहिले. त्यांनी अच्युतरावांचा हात धरला, दोन्ही हातांनी, आणि तसाच धरून ठेवला.

“चल घरी,” शेवटी ते म्हणाले. “सरूनं उप्पीट केलंय. तिला सांगाय पायजे.”

“अण्णालाही…” अच्युतराव म्हणाले.

मल्लाप्पा थबकले. मग ते वळले. अण्णा होते तिथेच उभे होते, हात खाली सोडून.

“तू ये,” मल्लाप्पा म्हणाले. “पण आज नको. आज मी तुझ्या तोंडाकडं बघितलं, तर मला काईच दिसणार न्हाई, आणि मला वाटंल तुला काईच वाटलं न्हाई.”

अण्णांनी मान हलवली. दोघं म्हातारे हात धरून रस्ता ओलांडायला उभे राहिले. बिनचालकाची एक गाडी त्यांना बघून आपणहून थांबली. तिच्या पुढच्या रिकाम्या खुर्चीला मल्लाप्पांनी एसटीतल्या जुन्या सवयीने हात वर करून नमस्कार केला. त्या हातवाऱ्याला कुणीही हसलं नाही. अण्णांनी मनगटावर बोटं ठेवली. नाडी शांत चालली होती.